एका दिवसाची राखण

जावा बेटावरच्या जंगलात वीतभर लांबीचा एक उडता सरडा राहतो. १७५८ साली लिनियसने त्याला ‘ड्रॅको व्होलान्स’, म्हणजे उडता ड्रॅगन, असे भारदस्त नाव दिले. स्वारीचे पोट मात्र मुंग्यांवर भरते. त्याच्या लांब फासळ्यांवर कातडीचा पडदा असतो. तो पसरला की एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाता येते. गमावलेली उंची मात्र खोड चढूनच परत मिळवावी लागते.

सातवीच्या वर्गात हे ऐकून मुले खूश झाली. मग मी मादीचे सांगितले. ती एरवी जमिनीला शिवत नाही. अंडी घालण्यापुरती खाली उतरते, तोंडाने मातीत खळगा करते, चारपाच अंडी घालून वर माती लोटते आणि सुमारे एक दिवस राखण करते. मग झाडावर निघून जाते, ती कायमचीच. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, मग ती आई कसली?”

“अगं, प्राण्यांना असले शब्द लावू नयेत,” मी घाईने म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण घंटा झाल्यावर ते मलाच पुरेना.

मी आठ वर्षांचा असताना आईने मला शिक्षणासाठी मामाकडे आणून सोडले. एक रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने परत गेली. ती एक रात्र मी पुढे कित्येक वर्षे तिच्या नावावर मांडत आलो: इतकेच राहिली! घरी आजारी सासू होती, मजुरी बुडत होती, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून मी ते हिशेबात धरले नाही.

त्या मादीला जमिनीवरून झेप घेता येत नाही. खाली काढलेला प्रत्येक तास तिचा तो पडदा निरुपयोगी असतो. तो दिवस झाडावरच्या दिवसाच्या मापाने कसा मोजावा? अर्थात तिने तो निवडला असेही म्हणवत नाही. ती स्वभावानेच उतरते, स्वभावानेच परत जाते. आईला निवड होती, असे मी धरून चाललो. आता वाटते, ती कितीशी होती? मुलाला जवळ ठेवून अडाणी राहू द्यायचे, की दूर ठेवून शिकू द्यायचे, याला निवड म्हणणे शिकलेल्या मुलालाच सुचते.

यंदा गणपतीला गावी गेलो तेव्हा तिला विचारले, “त्या रात्री तुला झोप लागली होती का गं?”

मोदकांचे ताट पुढे सरकवत ती म्हणाली, “कोणत्या रात्री?”