देऊन टाकू!

दानधर्माची ऊर्मी मला वर्षातून एकदाच येते, आणि ती नेमकी दसऱ्याच्या साफसफाईत येते. माळ्यावरून धुळीचा लोट खाली आला, की त्यामागोमाग माझी परोपकारबुद्धीही शिडी उतरते. ‘ठेववत नाही, फेकवत नाही, कुणा गरिबाला देऊन टाकू,’ असं मी म्हणतो. आता ‘देऊन टाकू’ यात ‘देणं’ किती आणि ‘टाकणं’ किती, हा हिशेब करायची वेळ माझ्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत आली नव्हती.

त्या महिन्यात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. आमच्या हिंगोलीकडे सोयाबीन उभ्या शेतात कुजलं. तिकडे धाराशिव-सोलापूरकडे सीना नदी गावागावांत शिरली. घरं गेली, गुरं गेली, आणि पोरांची दप्तरंही गेली. आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी (गल्लीभर ‘ताई’च म्हणतात तिला) दोन मैत्रिणी घेऊन वह्या-पुस्तकं जमवायला निघाली. मला भलताच आनंद झाला. माळा भरलेला होताच!

मी गाठोडं बांधलं. अर्ध्या कोऱ्या वह्या, अभ्यासक्रम दोनदा बदलून गेलेली गाइडं, कर्कटक नसलेली कंपासपेटी आणि १९९८ सालची एक कोरी करकरीत डायरी. ताईने गाठोडं सोडलं, डायरी हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, “काका, ही तुम्ही पुण्याच्या नातवाला द्याल?”

“त्याला कशाला? त्याच्याकडे सगळं नवं आहे.”

“तेच म्हणते मी.”

मी जरा तापलोच. “अगं, बुडत्याला काडीचा आधार! त्याने काय काडी जुनी की नवी, हे बघायचं?”

“बुडत्याला काडी चालते, काका. ही पोरं पाण्यातून बाहेर आलीत. आता त्यांची सहामाही आहे.”

मग तिने वहीतली यादी दाखवली. तिने तिकडच्या शाळांना चक्क फोन करून काय हवं ते विचारलं होतं! आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं सरकारकडून मिळतात, तेव्हा ती नकोत, नववी-दहावीची हवीत. दोनशे पानी वह्या हव्यात. भिजलेल्या दाखल्यांच्या नकला काढायला, झेरॉक्सला, थोडे रोख पैसे हवेत. यादीत डायरी नव्हती.

घरी येऊन मी हिला म्हटलं, “धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, एवढं या पोरींना कळत नाही.” ही भाजी निवडता निवडता म्हणाली, “ती म्हण गाय देणाऱ्यानेच केली असेल.”

मी गप्प बसलो, कारण मला एकदम १९७२ आठवलं. दुष्काळाचं साल. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मी पाचवीत. शाळेत सुकडी मिळायची आणि गावातल्या एका मोठ्या घरातून मला मराठीचं जुनं पुस्तक मिळालं होतं. त्यातल्या झाडून सगळ्या चित्रांना मिशा काढलेल्या होत्या, बायकांनासुद्धा. गुरुजींनी पुस्तक पाहिलं आणि छडी उचलली. तेवढ्यात मागून त्या घरचा मुलगा उभा राहिला. “गुरुजी, मिशा माझ्या आहेत. पुस्तक आम्हीच दिलंय त्याला.” त्याने मला वाचवलंच खरं तर, पण वर्ग हसला. तो धडा कुठला होता हे आज आठवत नाही, हसणं आठवतं. छडी परवडली असती.

म्हणजे जुनं देणं वाईट का? तसंही नाही. थोरल्या भावाची पुस्तकं मी वर्षानुवर्षं वापरली, आजीच्या लुगड्यांच्या गोधडीत झोपलो. कधी लाज वाटली नाही. तिथे मी घरचा होतो, भांडून ‘हे नको, ते दे’ म्हणू शकत होतो. जुन्या-नव्याचा प्रश्नच नव्हता. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय आहे का, हा प्रश्न होता. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांवर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. देणाऱ्यांचे माळे मोकळे झाले, रस्ते तुंबले.

आणि हे शिकायला मला लांब जायचंही कारण नव्हतं. नरसी आमच्याच जिल्ह्यात. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. मी असतो तर मागे धावलो असतो, पण ते पोळी सोडवायला. आणि ती शिळी असती, तर मीच बोलावून घातली असती, वर पुण्यही मोजलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन डझन वह्या घेतल्या. दुकानातच पेनाचं टोपण काढलं, पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली नाव टाकावं म्हणून. मग मिशा आठवल्या, टोपण लावलं. कोऱ्या वहीचं पहिलं पान ज्याचं त्याला लिहू द्यावं.

गाठोडं परत माळ्यावर गेलं. डायरी मात्र मी खाली ठेवली. गंमत म्हणजे १९९८ चे वार २०२६ च्या वारांशी तंतोतंत जुळतात. हे सगळं मी तिच्यातच लिहितो आहे. डायरी अगदीच टाकाऊ नव्हती. फक्त ती ज्याने वापरायची, तो माणूस मी चुकीचा शोधत होतो.