वेल, बांध आणि मालकी

बंगळूरच्या पूर्वेस, १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत मोडलेल्या होसकोट्याच्या तांबड्या मातीत चार बिऱ्हाडे मिळून भाजीचा मळा करतात, वाफे वाटून घेतात आणि एकाने मृगात लावलेला लाल भोपळ्याचा वेल श्रावणात बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मिरचीवर पसरतो, तेव्हा उद्भवणारा प्रश्न वरकरणी हद्दीचा दिसला तरी वस्तुतः धर्माचा असतो: पलीकडे धरलेले फळ कोणाचे?

बी लावणाऱ्याने हक्क सांगावा, तर वेल पेरापेरापाशी मुळे फोडून शेजाऱ्याच्याच खतपाण्यावर पोसलेला असतो. शेजाऱ्याने सांगावा, तर बीज त्याचे नव्हे. आणि एका सकाळपुरते उमलणाऱ्या मादीफुलावर मधमाशीने आणलेला पराग तर कदाचित तिसऱ्याच वाफ्यातील नरफुलाचा. सर्व काही ईश्वराने व्यापलेले असल्याने त्यागपूर्वक भोगावे, हा ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्राचा आशय अशा फळापुढे निर्विवाद पटतो.

परंतु यावरून कोणाचेच काही नाही, तेव्हा वेल वाटेल तसा पसरू द्यावा, असा निष्कर्ष काढणे हा त्या तत्त्वाचा विपर्यास होय. याज्ञवल्क्यस्मृतीत सीमाविवादाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कल्याणच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचे सविस्तर विवरण केले आहे. कारण जगत् ईश्वराचे असले तरी त्यातील प्रत्येकाच्या वाट्याचे ऊन राखण्याची जबाबदारी मनुष्यावरच पडते, आणि झाकली गेलेली मिरचीही त्याच ईश्वराची असते. स्पर्श होईल त्या आधाराला वेढणाऱ्या तणाव्याला पाप लागत नाही. विवेक वेल लावणाऱ्याकडे असल्याने कर्तव्यही त्याचेच.

म्हणून शेजाऱ्याची तक्रार येण्यापूर्वीच लावणाऱ्याने शेंडा खुडावा आणि वेल स्वतःच्या वाफ्यात वळवावा. शेंडा खुडल्यावर बगलफांद्या फुटतात आणि मादीफुले बहुधा त्यांवरच अधिक येतात. यास्तव संयमाने वेलाची हानी होते, ही भीतीही निराधार ठरते. पलीकडे धरलेले फळ मात्र शेजाऱ्याकडेच राहू द्यावे आणि त्यास दान समजू नये, कारण ते त्याच्याच मातीचे देणे असते.

अरणच्या ज्या संत सावता माळी ऊर्फ सावतोबांनी १२९५ मध्ये समाधी घेतली, त्यांना भाजीच्या मळ्यातच विठ्ठल दिसला. ही दृष्टी ज्याला खरोखर लाभली, त्याला तो विठ्ठल बांधाच्या अलीकडेच पाहून थांबता येणार नाही. शेजाऱ्याच्या वाफ्यातील ऊन मोकळे ठेवणे हाही त्याच्या उपासनेचाच भाग ठरेल.