पिकले पान

देह थकतो, मुले आपापल्या संसारात रमतात आणि वृद्धास वाटू लागते, ‘आता आपण अडगळ झालो.’ हे दुःख जरेपेक्षाही अधिक पोळते.

येथे चंदीगडच्या नेकचंद सैनींचे (१९२४–२०१५) चरित्र मननीय आहे. १९४७ च्या फाळणीत त्यांचे गाव सुटले. पुढे चंदीगड वसत असता, रस्ते-निरीक्षकाची नोकरी सांभाळून, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि पाडलेल्या घरांचे अवशेष त्यांनी वेचले व वर्षानुवर्षे गुप्तपणे त्यांतून मूर्ती घडविल्या. १९७६ मध्ये ते ‘रॉक गार्डन’ सर्वांस खुले झाले. लोकांनी टाकलेल्या तुकड्यांत एका मनुष्यास रूप दिसले. मग सर्वसाक्षी भगवंतास जीर्ण देहातील जीव टाकाऊ कसा वाटेल?

यास्तव वृद्धाने उरलेले सारे वेचावे. भंगलेल्या आशा, सोसलेले अपमान, दुरावलेल्यांविषयीचा रुसवा, यांतील एकेक नित्य सायंकाळी स्मरून प्रभुचरणी ठेवावा. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवान भक्तीने वाहिलेले पानही स्वीकारतात. ते पान कोवळेच असावे, असा नियम तेथे नाही.