नवा पत्रा, जुनी गाडी

साठ वर्षांपूर्वीच्या फियाटचा गंजून चाळण झालेला मडगार्ड कापून काढला आणि त्या जागी दुसरा बसवला, तर गाडी तीच राहिली असे कोणीही म्हणेल. मग तळाचा पत्रा बदलला, दरवाजे बदलले, बोनेट आणि डिकी बदलली, इंजिनही दुसऱ्या गाडीतले आले. आता? जुनी गाडी कोणत्या तुकड्यापाशी संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांसाठी हा रिकाम्या वेळेचा खल नाही. गाडीची किंमत, कागदपत्रे आणि लौकिक त्यावर ठरतात. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गॅरेजपेक्षा फार जुना आहे. सतत बदलणारी वस्तू, आणि सतत बदलणारा माणूस, ‘तोच’ राहतो तो कशामुळे?

हा प्रश्न कोरेगाव भीमाच्या परिसरात विचारावासा वाटतो, त्याला कारण आहे. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या या गावापासून पुढे सणसवाडी आणि रांजणगावपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत तर फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला मोटारींचाच कारखाना आहे. अशा कारखान्यात प्रेसखालून निघणारा दरवाजा कोणत्या गाडीला लागतो याला महत्त्व नसते. हजारावा पहिल्यासारखाच असावा, हेच तिथले कौशल्य. आणि याच रस्त्याने दर १ जानेवारीला लाखो माणसे भीमेपलीकडच्या पेरणे हद्दीतील विजयस्तंभाकडे जातात. कोरेगावच्या १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. जाणाऱ्यांत मोठी संख्या बौद्धांची असते. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा पेच मांडलेला आहे: बुद्धाने आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ काय लावायचा? अदलाबदल करता येणारा पत्रा आणि टिकाऊ गाभा नाकारणारा विचार, दोन्ही या एका रस्त्यावर आहेत, आणि पहिल्याला दुसऱ्याची गरज आहे असे माझे म्हणणे आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन सांगतो की लोक मला या नावाने ओळखतात खरे, पण त्या नावामागे कायमचा असा कोणी नाही. राजाला हे पटत नाही. तेव्हा नागसेन त्याला तो ज्या रथातून आला त्या रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके? जू? सांगाडा? की या सगळ्यांहून वेगळे काही? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे भाग एकमेकांच्या आधाराने जुळले म्हणून ‘रथ’ हे नाव व्यवहारात आले. एवढ्यावर थांबले तर उत्तर अपुरे राहते, कारण रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही दोन गाड्यांचे भाग सारखेच जुळलेले असतात, पण त्या एक नसतात. म्हणून मला त्याच ग्रंथातला दुसरा दाखला रथाहून महत्त्वाचा वाटतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरातल्या ज्योतीहून निराळी. तरी दिवे दोन नव्हेत, कारण नंतरची ज्योत आधीच्या ज्योतीच्याच आधाराने जळली. गाभा कायम राहिला नाही, क्रम मात्र तुटला नाही. बौद्ध विचारात याला संतती म्हणतात.

आता जुन्या गाडीला पत्रा बसवताना प्रत्यक्षात काय होते ते पाहिले पाहिजे, कारण इथे तत्त्वज्ञानाला न सुचणारा पुरावा मिळतो. दुसऱ्या गाडीवरून काढलेला किंवा हाताने ठोकून केलेला भाग जसाच्या तसा कधीच बसत नाही. साठ वर्षांत प्रत्येक बॉडी आपापल्या परीने बसलेली असते: कुठे एखादा धक्का खाल्लेला, कुठे तळ किंचित झुकलेला, कुठे बिजागरीची जागा दोन सूत सरकलेली. म्हणून जाणता डेंटर रंगाला हात लावण्याआधी सगळे भाग कोरडे जोडून पाहतो. आधी दरवाजा, कारण तो ज्या खांबावर लटकतो तो खांब हलत नाही. दरवाजाची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आली की त्या कडेला मडगार्ड जुळवायचा आणि मडगार्डांवरून बोनेट. बोल्टची भोके लांबवायची, खाली पत्र्याच्या चकत्या सरकवायच्या, हातोडी आणि पत्र्यामागे धरलेल्या डॉलीने कड वळवायची, पुन्हा काढायचे, पुन्हा लावायचे. फियाट ११००सारख्या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. तिचा तळ कापायचा तर आधी आतून आडव्या पट्ट्यांचा आधार देऊन दरवाजांची जागा जखडून ठेवावी लागते, नाहीतर गाडी आपला आकारच विसरते. जो हे टाळतो तो लांबी (पुट्टी) थापून फटी बुजवतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत ती तडकते. या सगळ्या खटाटोपाचा अर्थ असा की नवा भाग त्या गाडीत शिरताना आपला आकार जुन्या शेजाऱ्याकडून घेतो. उद्या तो जुना शेजारी बदलला गेला तर त्याच्या जागी येणारा भाग या, आता जुन्या झालेल्या, भागाकडून घेईल. ज्योतीचा क्रम पत्र्यात आला तो असा. गाडीचे तेपण, म्हणजे ती तीच असणे, धातूत नसते, धातू एकमेकांशी जुळवण्याच्या या अखंड कामात असते.

यावर पहिला आक्षेप सतराव्या शतकात इंग्लंडचा तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने घेऊन ठेवला आहे, जहाजाच्या निमित्ताने. अथेन्सकरांनी थीसियसच्या जहाजाची एकेक कुजकी फळी बदलली हे प्लुटार्कने नोंदवले होते. हॉब्ज विचारतो, काढलेल्या सगळ्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज उभारले तर? आपल्याकडे ही कल्पना फार दूरची नाही. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार झाल्या, मराठी माणसाच्या तोंडची ‘डुक्कर फियाट’ही आणि पुढे प्रीमियर पद्मिनीही, आणि त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात असंख्य जुन्या गाड्यांचे भाग सुटे होऊन विकले गेले. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. २० वर्षांच्या मर्यादेमुळे ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आज एखाद्या खासगी पद्मिनीला लागणारा दरवाजा बहुधा अशाच एखाद्या गाडीचा असतो. हॉब्जला माझे उत्तर असे: काढलेले तुकडे एकत्र आणून उभी केलेली गाडी त्या तुकड्यांमुळे आदरणीय आहे, पण मधला सगळा काळ ती गाडी नव्हती, तिचा क्रम तुटला होता. काम ज्या गाडीवर चालू राहिले ती पुढे आली. मात्र हे उत्तर बिनतोड नाही. सगळे मूळ भाग एकाच दिवशी काढले आणि त्यांच्या जागी एकाच दिवशी नवे आले, तर नव्याला आकार शिकवणारे जुने काही उरतच नाही. अशा गाडीला मी प्रतिकृतीच म्हणेन, मग तिच्यावर पाटी कोणतीही असो. तेपण कमीजास्त असू शकते हे मान्य करावे लागते, आणि ते मान्य करण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

एका न्यायालयाने हाच रस्ता धरला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० साली ल मॉंची शर्यत जिंकली. १९३२च्या ब्रुकलँड्सच्या भीषण अपघातानंतर तिला वेगळी बॉडी मिळाली. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकायचे ठरले आणि खरेदीदाराने ती खरी नाहीच म्हणून व्यवहार नाकारला. शर्यतीच्या काळातले फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, हे लंडनच्या न्यायाधीशांनी मान्य केले. तरीही त्यांनी निकाल दिला की तिचा इतिहास कुठेही खंडित नाही, त्या नावावर दुसऱ्या कोणत्याही गाडीचा दावा नाही, म्हणून तिला ते नाव लावण्याचा हक्क आहे. पूर्णपणे मूळची नव्हे, पण अस्सल. नागसेनाला हा निकाल परका वाटला नसता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि आपल्या परंपरेत त्याला मोठा आधार आहे. तो म्हणतो, बाहेरचे सगळे बदलू द्या, आत काहीतरी न बदलणारे असते. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तींचे नवकलेवर होते तेव्हा, शेवटचे २०१५ साली झाले तसे, संपूर्ण लाकडी देह नवा होतो, पण ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून काढून नव्या मूर्तीत ठेवला जातो. कठोपनिषदातला रथही मिलिंदाच्या रथाच्या अगदी उलट आहे: शरीर हा रथ आणि आत्मा त्यात बसलेला स्वामी. गीतेतही देही जीर्ण देह टाकून नवा घेतो. या श्रद्धेला मी इथे आव्हान देत नाही. माणसात आत्मा आहे की नाही हे मडगार्डवरून ठरणार नाही. पण गाडीत असा ब्रह्मपदार्थ शोधायला गेलो तर हाती काय लागते? आरटीओच्या लेखी तो चासी नंबर. तो पत्र्यावर ठोकलेला असतो, आणि चोर नेमका तेवढाच तुकडा कापून दुसऱ्या गाडीत जोडतो. गाडीचे तेपण त्या तुकड्यात असते तर चोराची गाडी खरी ठरली असती. ती खोटी आहे हे आपण क्षणात ओळखतो, कारण तो नंबर ज्या इतिहासाची साक्ष देतो तो इतिहास तिचा नाही. नंबर ही साक्ष आहे, गाभा नव्हे. गाडीच्या बाबतीत तरी कायमचा गाभा नसतानाही सलगता खरी असू शकते, आणि एका जागी ते शक्य असेल तर माणसाच्या बाबतीत ते अशक्यच आहे असे म्हणणाऱ्याला आणखी कारण द्यावे लागेल. ‘आत्मा नाही म्हणजे जबाबदारीही नाही’ हा बौद्धांवर घेतला जाणारा जुना आक्षेप इथे कमकुवत होतो. काल ज्याने केले तोच आज उत्तरदायी, कारण आजचा माणूस कालच्याकडूनच घडला.

तिसरा आक्षेप मूळ वस्तूच्या कैवाऱ्यांचा. ते म्हणतात, जुना पत्रा हीच खरी वस्तू. बदलणे म्हणजे नष्ट करणे. त्यांच्या बाजूला वजन आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. अशा गाडीला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची ट्युरिन सनदही बदलण्याआधी जपण्याला मान देते. वाचू शकणारा एकही पत्रा फेकू नये, हे मला पूर्ण पटते. चमक हवी म्हणून धड दरवाजा भंगारात देणे मला अपराध वाटतो. पण मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडाचा गंज होतो, तेव्हा मूळ धातूही मूळ उरत नाही. काहीच न बदलण्याच्या हट्टाने गाडी वाचत नाही, फक्त तिचा शेवट शुद्ध होतो. म्हणूनच तीच सनद बदललेल्या भागावर ओळखता येईल अशी खूण ठेवायला सांगते, आणि वास्तूंसाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेनेही भर घातलेला भाग मुळापासून वेगळा कळावा अशी अट घातली होती.

या अटीकडे लोक शिष्टाचार म्हणून पाहतात. माझ्या मते ती त्याहून मोठी आहे. तेपण क्रमात असेल आणि तो क्रम डोळ्यांना दिसत नसेल, तर तो सांगणे हा त्या वस्तूच्या असण्याचाच भाग होतो. नव्या मडगार्डला जुना म्हणून खपवणारा ग्राहकाला फसवतोच, पण ज्या साखळीने ती गाडी ती गाडी होती तीही तोडतो, आणि नंतर कोणालाही ती पुन्हा जोडता येत नाही.

तेव्हा जुनी गाडी दुरुस्तीला घेणाऱ्यांना विनंती आहे. पहिला पत्रा कापण्याआधी एक वही करा. कोणता भाग काढला, कोणत्या तारखेला, का, त्या जागी काय आणि कुठून आले, ते लिहा, आधीचे आणि नंतरचे फोटो लावा. नव्या भागाच्या आतल्या बाजूला वर्ष कोरा. ज्याने तो बसवला त्या कारागिराचे नावही, त्याची संमती घेऊन, लिहा, कारण गाडीला आकार त्याच्या हातातून मिळतो आणि आपल्याकडे ते नाव कुठेच नोंदले जात नाही. गाडी विकाल तेव्हा ती वही आरसी बुकासोबत नव्या मालकाच्या हातात द्या.