वॅट तोंडपाठ, युनिटांचा पत्ता नाही

बसा. पुस्तकं मिटा. आज प्रकरण पुढे सरकणार नाही.

'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'च्या तुमच्या प्रकल्पवह्या मी काल तपासल्या. विषय मीच दिला होता : माझ्या घरातील वीजवापर. जवळपास प्रत्येक वहीत तीच चार वाक्यं. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करावा. पिवळा बल्ब काढून सीएफएल लावावा. मोबाईलचा चार्जर प्लगमधून काढून ठेवावा. सूर्यप्रकाशाचा वापर करावा. अरे, सीएफएल आज दुकानात मागून तरी बघा! ताईच्या वहीतून उतरवलंत, ताईने कोणाच्या तरी वहीतून उतरवलं होतं, आणि त्या मूळ पुरुषाच्या काळात सीएफएल नवा होता.

चार्जरचंही ऐका. आजचा चांगला चार्जर नुसता प्लगमध्ये लटकत असेल तर एका वॅटचा दहावा हिस्साही ओढत नाही. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिट पुरं होत नाही. हे पुण्य फुकटात पडतं, म्हणून सगळ्यांनी लिहिलं.

आणि मधल्या सुट्टीत जिन्यात काय चाललं होतं? कोणाच्या ग्राफिक्स कार्डाला किती वॅट, कोणाचा पॉवर सप्लाय साडेआठशेचा आणि कोणाचा हजाराचा. आरटीएक्स ४०९०ला ४५० वॅट, ५०९०ला ५७५. मी वरच्या पायरीवर उभी होते. एकही आकडा चुकला नाही तुमचा. मग वर्गात येऊन त्याच पाच-सहा जणांच्या वह्या पुन्हा उघडल्या. उपकरणांच्या तक्त्यात ट्यूब आहे, मिक्सर आहे, इस्त्री आहे, आजीची शेकायची पिशवीसुद्धा आहे. कॉम्प्युटर नाही. विसरलो म्हणू नका. ज्या वस्तूचे वॅट झोपेतून उठवलं तरी सांगता येतात, ती वस्तू माणूस विसरत नाही, लपवतो.

येत नसतं तर मी शिकवलं असतं. वॅटला तासांनी गुणायचं, हजाराने भागायचं, हे गणित तुम्ही दहावीत केलंत आणि त्याचे गुणही घेतलेत. येतं, तरी करत नाही. कारण उत्तर काय येणार ते ठाऊक आहे.

ऊठ. तूच, हसणारा. खडू घे. खेळत असताना तुझं अख्खं यंत्र, पडद्यासकट, भिंतीतून ४५० वॅट ओढतं असं धरू. तुझं कार्ड बघता मी कमीच धरतेय. रोज किती तास? दोन? आईला फोन लावू? लिही, पाच. सव्वादोन युनिट रोजचे. महिन्याचे साडेसदुसष्ट. आता शेजारी लिही : वीस वॅटची एलईडी ट्यूब, रोज सहा तास, महिन्याचे ३.६ युनिट. जुना ७५ वॅटचा पंखा, रोज दहा तास, साडेबावीस. आणि फ्रीज? दिवसरात्र चालणारा, घरातल्या सगळ्यांचं अन्न सांभाळणारा मध्यम आकाराचा तारांकित फ्रीज महिन्याला वीसच्या आसपास घेतो. म्हणजे तुझ्या खोलीत तीन फ्रीज चालू आहेत, आणि तू वहीत लिहिलंयस की फ्रीजचं दार वारंवार उघडू नये.

हे मी आज शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत इव्हान मिल्स नावाचे ऊर्जातज्ज्ञ होते. त्यांच्या मुलाला, नॅथॅनियलला, गेमिंगचा पीसी जोडायचा होता. बापाने नाही म्हटलं नाही. दोघांनी मिळून तो जोडला, त्याची वीज मोजली आणि २०१५ साली शोधनिबंध लिहिला. ठरावीक गेमिंग पीसी वर्षाला १४०० युनिटांच्या घरात जातो, म्हणजे साध्या पीसीच्या सहापट आणि गेमिंग कन्सोलच्या दहापट, असा त्यांचा हिशेब निघाला. त्याच निबंधात हेही होतं की सुटे भाग नीट निवडले आणि सेटिंग बदललं तर यातली पाऊणभर वीज वाचू शकते, खेळाला फारसा धक्का न लावता. तो मुलगाही तुमच्यासारखाच खेळणारा होता. फरक इतकाच की त्याने मीटर लावला.

कोळशाचं सांगते. महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावर होते. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटं २९२० मेगावॅटचं आहे. एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात राख इतकी असते की जाळल्यावर तिसरा हिस्सा उरतोच. तुझ्या साडेसदुसष्ट युनिटांमागे महिन्याला पन्नासेक किलो कोळसा. त्याची राख चंद्रपूरकरांच्या गच्चीवर पडते, तुझ्या कीबोर्डवर नाही. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांचं काय होतं ते तिथल्या कोणाला तरी विचार.

घरच्या बिलाचंही ऐक, कारण कोळशाने तुला काही होणार नाही हे मला दिसतंय. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर बदलतो, तीनशेनंतर पुन्हा, पाचशेनंतर पुन्हा. तुमच्या घरी तुझ्याशिवाय महिन्याला नव्वद युनिट लागत असतील, तर आई-बाबांनी शंभराच्या आत राहण्यासाठी जी काटकसर केली ती तू पहिल्या पाच दिवसांत संपवतोस. पुढचं सगळं वरच्या दराने. बिल बघितलंयस कधी? मोबाईलवर येतं म्हणे. बाबांच्या मोबाईलवर.

मागे कोण कुजबुजतंय? 'मॅडमना गेम आवडत नाहीत.' चूक. खेळा. खेळायचं वय आहे. तास-दोन तास मन लावून खेळलात, त्याला वीज लागली, तर ती सत्कारणी लागली असं मी म्हणेन. माझा राग कोणीच खेळत नसताना जळणाऱ्या विजेवर आहे.

आता तुमच्या विषयातलंच बोलू. तुझा पडदा साठ हर्ट्झचा. सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकतो. कार्डाला तू मोकाट सोडलंस, फ्रेमवर मर्यादा घातली नाहीस, आणि ते सेकंदाला चारशे चित्रं काढतंय. साठ दिसली, बाकीची गेली कुठे? शंभर पोळ्या लाटायच्या, भाजायच्या, पंधरा पानात वाढायच्या आणि उरलेल्या तिथल्या तिथे केरात टाकायच्या, असा हा प्रकार आहे. कोपऱ्यात चारशेचा आकडा दिसतो म्हणून छाती फुगते. २०१० साली 'स्टारक्राफ्ट २' हा गेम आला तेव्हा त्याच्या मेनूच्या पडद्यावर फ्रेमना लगामच नव्हता. समोर जवळजवळ स्थिर चित्र, आणि मागे कार्डं तापून निघत होती. कंपनीला सांगावं लागलं की सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादेची ओळ घाला. धडा घेतला? अकरा वर्षांनी, २०२१ साली, अ‍ॅमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड'च्या चाचणीत काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डं जळाली. कार्डांतही दोष होता, पण शेवटी गेममध्येही मेनूला फ्रेमची मर्यादा घालावी लागली. मेनूवर, बरं का. खेळ सुरूही झालेला नसताना. आणि तू जेवायला उठतोस तेव्हा गेम कुठे सोडून जातोस? मेनूवरच ना?

पुढचं कागदावर उतरवा, कारण हे भौतिकशास्त्र आहे आणि यावर मी तोंडी परीक्षेत विचारणार आहे. चिपला लागणारी शक्ती वारंवारितेच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वारंवारिता वाढवायची तर एका टप्प्यानंतर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून वेगाची शेवटची थोडी टक्केवारी सगळ्यात महाग पडते. मोठ्या कार्डाची पॉवर लिमिट सत्तर टक्क्यांवर आणली तर वीज तीस टक्के कमी होते, पण वेग तितका पडत नाही, त्याच्या बऱ्याच आत राहतो. एक घसरपट्टी डावीकडे सरकवायची, इतकंच काम. ओव्हरक्लॉक करताना हीच घसरपट्टी उजवीकडे सरकवायला तुम्ही रात्र रात्र जागता. डावीकडची बाजू तुम्हाला माहीत नाही असं कसं मानू?

यंत्रात गेलेली वीज शेवटी उष्णता होते, सगळीच्या सगळी. ४५० वॅटचा पीसी म्हणजे ४५० वॅटचा हीटर. एप्रिलमध्ये, दारं लावून, तू खोलीत हीटर चालवतोस, आणि मग उकडतं म्हणून एसी. ती उष्णता बाहेर फेकायला एसी वर आणखी शे-दीडशे वॅट घेतो. ते तुझ्या तक्त्यात कोणाच्या नावावर लिहायचे? एसी बाबांनी लावला, असंच सांगशील.

पीसीतल्या रंगीत दिव्यांवर मी काही बोलणार नाही. डोळ्यांना बरे दिसत नाहीत ही माझी तक्रार, पण वीज किरकोळ घेतात. मोबाईलवर बीजीएमआय खेळणारे, तुम्हीही हसू नका. तुमचा फोन चाळीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो तेव्हा कुठे एक युनिट लागतं, हे खरं. विजेच्या बाबतीत तुम्ही सुटलात. बाकी कशाकशात सुटला नाहीत त्याला वेगळा तास लागेल.

हां, बोल. 'मॅडम, नवी कार्डं जास्त एफिशियंट आहेत.' आहेत. एका वॅटमध्ये आजचं कार्ड दहा वर्षांपूर्वीच्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. इंजिनिअरांनी त्यांचं काम चोख केलं. आपण काय केलं? २०१६ साली मिरवायचं जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचं होतं. २०२०चं ३०९० साडेतीनशेचं. पुढचे आकडे तुम्हीच जिन्यात म्हणत होतात. बचत झाली तेवढी सगळी आपण मोठ्या पडद्यात, जास्त फ्रेममध्ये, जास्त चकाकीत खर्च केली आणि वर कर्ज काढलं. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली वाफेच्या इंजिनांबद्दल हेच लिहून ठेवलंय. इंजिन सुधारलं की कोळसा वाचत नाही, इंजिनं वाढतात.

'आम्ही बंद करून काय होणार, मॉलमध्ये बघा किती एसी चालतात.' हेही येणारच होतं. तुमच्या जन्माआधी या राज्यात गावोगाव दहा-बारा तास भारनियमन असायचं. त्या काळात 'अक्षय प्रकाश योजना' म्हणून एक गोष्ट झाली. गावाने एकत्र बसून ठरवायचं की संध्याकाळी मोटारी, गिरणी, हीटर कोणी लावणार नाही. त्याच्या बदल्यात गावातले दिवे चालू राहायचे. बैठकीत बोलणारी माणसं चौथी-पाचवी शिकलेली होती. कोणती वीज उजेडाची आणि कोणती थांबू शकते, हे त्यांना कळलं. मॉल काय करतो ते आधी सांगा, असं म्हणत ती बसली नाहीत. मुलांनी त्या दिव्याखाली अभ्यास केला. त्यातले काही आज तुमचे प्राध्यापक आहेत, म्हणून सांगते.

देशाबाहेरही लोकांनी थांबू शकणाऱ्या विजेचा नेमका हाच धागा पकडलाय. कॅलिफोर्नियाने कॉम्प्युटरांसाठी वीजवापराचे नियम केले, २०२१ साली ते आणखी कडक झाले, आणि डेलला आपले काही एलियनवेअर गेमिंग पीसी अमेरिकेच्या सहा राज्यांत पाठवणं थांबवावं लागलं. गेमिंगवर बंदी आली म्हणून इंटरनेटवर केवढी बोंब झाली! प्रत्यक्षात नियमांचा रोख होता यंत्र नुसतं चालू ठेवलेलं असताना किंवा झोपेत असताना खाल्लेल्या विजेवर. खेळताना किती लागते याला त्यांनी हातच लावला नव्हता. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली एक्सबॉक्सचं मूळ सेटिंग बदललं. आधी 'बंद' केलेला एक्सबॉक्स पटकन जागा व्हावा म्हणून दहा-पंधरा वॅट खात बसायचा, आता अर्ध्या वॅटवर झोपतो. जागं व्हायला थोडा वेळ जास्त लागतो. तेवढा धीर तुम्हाला आहे? लोडिंगच्या पडद्यासमोर तर तासन्‌तास बसता.

तुमच्यातल्या किती जणांचे पीसी आत्ता, या क्षणी, घरी चालू आहेत? हात वर करा. खाली बघू नका, हात वर करा. ... बरं. रात्रभर दीडशे जीबीचा गेम उतरत होता, सकाळी उतरून झाला, आणि यंत्र तसंच चालू. पडदा काळा आहे म्हणजे पीसी बंद आहे असं समजणारे तुम्ही विज्ञान शाखेचे! नुसता जागा बसलेला तुमचा पीसी सहज सत्तर-ऐंशी वॅट खातो. स्लीपवर टाकला तर तेच काम दोन-चार वॅटवर येतं. स्टार्ट दाबून दोन क्लिक.

प्रकल्प सगळ्यांचे परत. शनिवारी नवीन हवेत, आणि या वेळी गूगलवरून उतरवता येणार नाही असं काम देते. घराबाहेर मीटर असतो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक. तुमच्या मीटरवर किती आहे ते वाचा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीजचं बटण अर्धा तास बंद ठेवायला आईची परवानगी घ्या, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं लुकलुक मोजा : पीसी स्लीपमध्ये असताना, नुसता चालू असताना, मेनूवर असताना, खेळताना, आणि फ्रेमला मर्यादा घालून खेळताना. पाच ओळी. त्यावरून वॅट काढा, वॅटवरून महिन्याचे युनिट, आणि बिलावरचा दर बघून रुपये. बिल बाबांकडून मागून घ्या, कशाला हवंय तेही सांगा. ज्यांच्याकडे पीसी नाही त्यांनी गीझर मोजा, तुमचे वॅटचे आकडे यांच्यापेक्षा मोठे येतील आणि त्यांना जरा बरं वाटेल.

प्रत्येक वहीत मीटर क्रमांकाचे शेवटचे तीन अंक हवेत. दोन वह्यांत एकच मीटर निघाला, तर दोघांकडून माझ्या घरचा मीटर मोजून घेईन, तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट न वापरता.

घंटा झाली. तू, फळा पुसू नकोस. पुढचा तास इंग्रजीच्या सरांचा आहे. परवा स्टाफरूममध्ये तेही आपल्या नव्या कार्डाचे वॅट सांगत होते.