प्रेमाची राखण

शेतावर वाढलेले प्रेम निर्मळ असते, असे आपण धरून चालतो. आपल्या चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी ही समजूत पक्की केली आहे. शहर म्हणजे मोह, माती म्हणजे साधेपणा. शहर सोडून शेतीकडे परतलेल्या माणसांच्या वस्तीत सोळा-सतरा वर्षांची दोन मुले एकमेकांना आवडू लागली, तर त्या आवडीत खोट असणारच नाही, असे आपल्याला वाटते. आम्हांला या समजुतीशी भांडायचे नाही. एक प्रश्न मात्र विचारायचा आहे. ते प्रेम निर्मळ राहते ते मातीमुळे, की कोणीतरी त्याची राखण करते म्हणून? आणि राखण करायची तर ती कोणी करायची, आणि तिची किंमत कोणी द्यायची?

त्यासाठी कल्पनेतले शेत घेण्याची गरज नाही. ३० मे १९१० रोजी हरमान कॅलनबॅख या ज्यू वास्तुविशारदाने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची आपली अकराशे एकर जमीन गांधीजींच्या सत्याग्रहींना विनामूल्य वापरायला दिली. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना आसरा हवा होता. जमिनीवर हजारभर फळझाडे, दोन विहिरी आणि एक लहानसा झरा होता. नाव ठेवले टॉल्स्टॉय फार्म. नोकर नाहीत, स्वयंपाक, सफाई, बागकाम, सुतारकाम, चपला बनवणे, सगळे आपल्या हातांनी. खासगी कामासाठी शहरात जायचे तर पायी जायचे. गुजराती, तमिळ, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सगळे तिथे एकत्र राहिले. गांधीजींनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे चाळीसेक तरुण, दोन-तीन वृद्ध, पाच स्त्रिया आणि वीस-तीस मुले होती. मुलांत मुली फक्त चार-पाच. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

अशा ठिकाणी तरुण मुलामुलींची ओळख वेगळ्या प्रकारे होते, हे खरे. शहरात आपण एकमेकांना नटूनथटून भेटतो. शेतावर माणूस लपत नाही. कोण कामचुकार आहे, कोण आजाऱ्यापाशी बसतो, कोणाचा आवाज चढतो, हे सगळ्यांना दिसते. गांधीजींनी मुलामुलींना एकाच वर्गात शिकवले, भिंती घालून नव्हे तर संयमाची सवय लावून. रमजान आला तेव्हा मुस्लिम मुलांनी रोजे धरावेत असा त्यांनी आग्रह धरला. हिंदू, पारशी मुलेही त्यांच्याबरोबर दिवसभर उपाशी राहिली. या मुलांना सूर्यास्तापर्यंत थांबण्याचे बंधन नव्हते, म्हणून ती आधी जेवून घेत आणि रोजेदारांसाठी चांगलेचुंगले करून वाढत. आज आपल्याकडच्या किती वसतिगृहांत असे घडेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

पण याच शेतावर एक प्रसंग घडला. पुण्याच्या येरवडा तुरुंगात १९२३ साली लिहायला घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात गांधीजींनी तो स्वतःच नोंदवला आहे. एका तरुणाने दोन मुलींची थट्टा केली. ते ऐकून गांधीजी हादरले. तरुणांची त्यांनी कानउघाडणी केली, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी त्या मुलींना सुचवले की, तुमचे लांबसडक केस मला कापू द्या. मुली प्रथम तयार झाल्या नाहीत. मोठ्या स्त्रियांनाही ती कल्पना सहन झाली नाही. अखेर सगळ्यांचे मन वळले आणि गांधीजींनी आपल्या हातांनी ते केस कापले. परिणाम उत्तम झाला, असे ते लिहितात. मात्र असे प्रयोग इतरांनी उचलावेत म्हणून ते सांगत नाहीत, हेही ते बजावतात.

हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही हिशेब मांडावाच लागतो. आगळीक मुलाची आणि केस मुलींचे. मुलाच्या अंगावर कसलीही खूण राहिली नाही. त्याच्या नजरेला आवर घालण्याची खूण मुलींच्या डोक्यावर ठेवली गेली. चाळीस तरुण आणि चार-पाच मुली अशा वस्तीत बदल कोणी करायचा, याचे उत्तर संख्येनेच दिले की काय? आपल्या वाचकांना सूरह नूर माहीत आहे. तिथे नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. स्त्रियांची आयत त्यानंतर येते. हा क्रम आपण पाठ केला, अमलात मात्र उलटा आणला.

आणखी एक गोष्ट. ती छेड होती, प्रेम नव्हते. पण त्या वस्तीत हा फरक ओळखण्याची सोय नव्हती. तरुण मनाची प्रत्येक हालचाल एकाच सदरात जमा होत होती. टॉल्स्टॉय फार्म बंद झाल्यावर डर्बनजवळच्या फिनिक्सच्या वस्तीत दोघांचे पाऊल घसरल्याची बातमी आली, तेव्हा गांधीजींनी कात्री उचलली नाही. त्यांनी स्वतः सात दिवसांचा उपवास केला आणि पुढे साडेचार महिने एकभुक्त राहिले. पालक म्हणून दोष आपलाही आहे, हे त्यांनी मान्य केले. हे पाऊल आम्हांला मोठे वाटते. तरी वडीलधारा माणूस आपल्यासाठी उपाशी आहे, हे ओझे कोवळ्या मनाला कात्रीपेक्षा हलके वाटले असेल, असे खात्रीने म्हणवत नाही.

खरी परीक्षा पुढे झाली. गांधीजींचे दुसरे चिरंजीव मणिलाल याच जीवनात वाढले. १९२६ साली त्यांना केपटाऊनच्या गूल कुटुंबातील फातिमाशी लग्न करायचे होते. मणिलाल तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. वडिलांनी पत्राने नकार कळवला. असे लग्न दोघांच्याही धर्माविरुद्ध होईल, नुसत्या लग्नासाठी केलेले धर्मांतर खरे नव्हे आणि हिंदू-मुस्लिम प्रश्नावरही याचा परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे. मणिलालनी ते ऐकले. १९२७ साली आपल्या अकोल्याच्या सुशीला मश्रूवाला यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एकाच शेतावर रोजा चालला, इफ्तार चालली. नाते मात्र चालले नाही.

हे सांगून एका माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा इरादा नाही. गांधीजींची विवाहाविषयीची मते पुढे बदलली. अखेरच्या काळात वधूवरांपैकी एक जण हरिजन असेल तरच आशीर्वाद, इथपर्यंत ते आले. शिवाय फातिमाच्या बाजूनेही वाट मोकळी नव्हती. मुस्लिम मुलीचे बिगर-मुस्लिमाशी लग्न आपल्या रूढ शरीअतीला मान्य नाही, हे विसरून दुसऱ्याच्या दारात जाब विचारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता आपल्या घरांकडे पाहावे. शेजारच्या मुलाने चिठ्ठी दिली की मुलीची शाळा सुटते. मोबाइलवर एक निरोप सापडला की घाईघाईने स्थळ पाहिले जाते. मुलगा मात्र त्याच नाक्यावर उभा असतो. ही आपली कात्री. तिने केस नव्हे, तालीम कापली जाते. आणि कापलेले केस निदान पुन्हा वाढतात. निकाहात मुलीची कबुली घेतल्याशिवाय चालत नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या मुलीला पंधरा वर्षे 'नाही' म्हणायला शिकवलेच नाही, तिच्या 'कबूल'ला वजन कुठून येणार?

म्हणून आम्हांला वाटते, कोवळ्या वयाचे प्रेम निर्मळ राहते ते शेतामुळे नाही आणि भीतीमुळे तर नाहीच. मुलीला नकार देता येतो आणि त्या नकाराची किंमत तिला मोजावी लागत नाही, मुलाला आपल्या नजरेचा जाब स्वतः द्यावा लागतो, आणि घरातल्या मोठ्यांना छेड आणि ओढ यांतला फरक कळतो, तिथे ते निर्मळ राहते. मग दोघे लग्नापर्यंत पोचोत वा न पोचोत, एकमेकांविषयी अदब घेऊन मोठे होतात. पुष्कळांच्या बाबतीत ती पहिली ओढ तेवढ्यावरच विरते, आणि त्यात काही बिघडत नाही.

पिकाची राखण करणारा रात्रभर जागतो, तो गुरे आत शिरू नयेत म्हणून. पीक उपटून घरात ठेवले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे कोणताही शेतकरी म्हणत नाही.