काटा लागलाय, दुसरं काय

पूर्णगडच्या बंदरावर कुत्र्याच्या घशात काटा अडकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. होड्या लागतात, जाळी झाडली जातात, बारीक मासळी आणि बांगड्यांची डोकी वाळूत पडतात. मग आधी मांजरं, मागून कुत्री, शेवटी कावळे असा ठरलेला क्रम चालतो. त्यामुळे काही वर्षांपूर्वी, पाऊस संपता संपता, आमच्या वाडीतल्या तांबूस कुत्र्यानं खाणं सोडलं तेव्हा कुणाला वेगळं काही सुचलंच नाही. तो एकाच घरचा नव्हता. चार घरची भाकरी खायचा आणि चारही घरं राखायचा. त्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार थेट जमिनीपर्यंत लागली होती. डोणीपाशी जाऊन तोंड बुडवायचा, पण पाणी काही पोटात जात नव्हतं. ‘काटा लागलाय, दुसरं काय,’ असा निकाल लागला. शेजारचे भाऊ, जन्म समुद्रावर काढलेला माणूस, पुढे झाले. त्यांनी जबडा फाकवला, दोन बोटं आत घातली आणि घसा चाचपला. बॅटरी मी धरली होती. कुत्रा गुरगुरलासुद्धा नाही. काटा सापडला नाही. तिसऱ्या दिवशी तो माडाखाली मरून पडलेला दिसला आणि संध्याकाळी आम्ही त्याला तिथेच पुरला.

दोन-तीन दिवसांनी रत्नागिरीत ओळखीच्या एका पशुवैद्यांकडे बसलो असता बोलता बोलता हे सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, “हात कुणी घातला?”

त्यानंतर भाऊंनी आणि मी सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं घेतली. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. पिसाळलेला कुत्रा म्हणजे दिसेल त्याला चावत सुटलेला, अशी आपली समजूत असते. रेबीजचं दुसरंही रूप असतं. त्यात कुत्रा गप्प होतो, जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, आणि बघणाऱ्याला तो घशात काहीतरी अडकलेल्या कुत्र्यासारखाच दिसतो. लाळेत मात्र विषाणू असतो. जाळ्याच्या दोरानं कापलेली कोळ्याची बोटं त्या लाळेत बुडवण्यासारखा दुसरा धोका नाही. आमच्या कुत्र्याला रेबीजच होता का? जबड्याची नस सुजली तरी जबडा असाच लोंबतो, आणि ते दुखणं दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरंही होतं. खरं काय ते मेंदूचा नमुना बर्फात घालून प्रयोगशाळेत गेला असता तरच कळलं असतं. तो माडाखाली गेला.

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते त्या डॉक्टरांचं पुढचं बोलणं. “हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही,” ते म्हणाले. “वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कॉलेजच्या दवाखान्यात असाच एक कुत्रा आला आणि मी आपला हात पुढे केला. सरांनी माझं मनगट धरलं. तेव्हा कळलं.”

पशुवैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय कशाला लागतं, या प्रश्नाचं यापेक्षा नेमकं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तिथे उपचार होतात, स्वस्तात होतात, हे खरं. पण तसे ते इतर दवाखान्यांतही होऊ शकतात. शिकवणाऱ्या रुग्णालयात एका जनावराभोवती दहा डोळे असतात आणि त्यांतले दोन डोळे चूक ओळखणारे असतात. विद्यार्थ्यानं केसपेपरवर ‘खात नाही’ असं लिहिलं की कुणीतरी विचारतं, “खात नाही, की खाता येत नाही?” भूक मेलेला कुत्रा आणि भूक असून गिळता न येणारा कुत्रा, ही दोन वेगळी दुखणी. आमच्या वाडीत हा प्रश्न एकानंही विचारला असता तर भाऊंची बोटं बाहेरच राहिली असती.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवातच रुग्णालयापासून झाली, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावानं, बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच्या आधारानं १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. दवाखाना आधी, कॉलेज मागाहून. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करातले पशुवैद्य. त्या काळी मुख्य रोगी घोडा. १८७४ पासून मुंबईच्या ट्रामसुद्धा घोडेच ओढत होते. युरोपातही निराळं नव्हतं. क्लोद बूर्जला यांनी १७६१ साली फ्रान्समधल्या लियोंला पहिली पशुवैद्यकशाळा काढली ती घोडे आणि बुळकांडीनं मरणारी गुरं डोळ्यांपुढे ठेवून. कुत्रा-मांजर तिथल्या रुग्णालयांत खऱ्या अर्थानं शिरलं ते मोटारीनं घोड्याला रस्त्यावरून हटवल्यावर.

कोकणात हेच आज, आपल्या डोळ्यांदेखत, होतंय. पॉवर टिलर आला, बैल गेले. मुलं मुंबईला गेली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना म्हैस झेपेना, दुधाची पिशवी दुकानात मिळू लागली. आमच्या वाडीतल्या किती गोठ्यांत आता लाकडं आणि जुनी जाळी भरलेली आहेत ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. उरले कोण? आंब्याच्या बागेत राखणीला बांधलेला कुत्रा, पडवीतली मांजर आणि बंदरावरची बेवारस फौज. सरकारी व्यवस्था मात्र अजून गोठ्याभोवतीच उभी आहे. श्रेणी-एकचा दवाखाना, श्रेणी-दोनचा दवाखाना, कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस. ही कामं गरजेचीच आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण तिथे कुत्रं घेऊन गेलेल्या माणसाला आपण चुकीच्या रांगेत उभे आहोत असं वाटतं, आणि टेबलापलीकडच्या माणसालाही बहुधा तसंच वाटत असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्यातल्या माणसांना स्वतःच्या मोठ्या ऑपरेशनसाठी घाट चढून कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते, तिथे कुत्र्या-मांजरांच्या रुग्णालयाची भाषा कुणी कोणत्या तोंडानं करावी? बायका बाळंतपणाला रुग्णवाहिकेतून हिंदकळत जातात आणि तुम्हाला कुत्र्याचा एक्स-रे हवा? मी हा प्रश्न बराच काळ स्वतःलाच विचारला. माणसाच्या आणि जनावराच्या दुखण्यांना वेगवेगळ्या रांगा असत्या तर मी या आक्षेपापुढे गप्प बसलो असतो. पण कोकणात तशा त्या नाहीत. लेप्टो उंदरांकडून येतो, कुत्र्यांतही असतो, आणि भातशेतीत उतरणाऱ्या माणसाला गाठतो. माकडताप १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, तो २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात येऊन पोचला, गोचिडींच्या पाठीवरून. रेबीजचं तर बोलायलाच नको. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याकडूनच येतो. तेव्हा कुत्र्याच्या टेबलापाशी उभा असलेला शहाणा माणूस माणसांच्याच दवाखान्याच्या दारात उभा असतो.

आक्षेपाची दुसरी बाजू पैशाची. प्राण्यांचं रुग्णालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचं टाटांचं रुग्णालय येतं. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेलं, पाच मजली, सुमारे १६५ कोटींचं. त्याची मूळ कथा मला त्या इमारतीपेक्षा अधिक बोलकी वाटते. रतन टाटांनी आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात नेलं होतं. उशीर झाला होता, सांधा बदलता आला नाही, पण चांगलं पशुरुग्णालय काय असतं ते त्यांनी तिथे पाहिलं. म्हणजे ज्यांना जगात कुठेही जाता येत होतं तेही अखेर गेले ते एका विद्यापीठाच्या शिकवणाऱ्या दवाखान्यात. आमच्या पूर्णगडला ती पाच मजली इमारत नको आहे. सूक्ष्मदर्शक हवा, एक्स-रे हवा, शवविच्छेदनाचं टेबल हवं, आणि तिघांजवळ उभा राहणारा शिक्षक हवा.

सूक्ष्मदर्शक कशाला, तेही सांगतो. पावसानंतर कोकणातल्या कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी लगडतात. मग कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते. गावात म्हणतात, कावीळ झाली, आणि मग पाला, माळ, मंत्र. कानाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ओढायचा, रंगवायचा आणि बघायचा. तांबड्या पेशीच्या पोटात जोडीनं बसलेले, नासपतीच्या आकाराचे जंतू दिसले तर तो बाबेसिया, आणि त्यावर औषध आहे. काचपट्टी स्वस्त आहे. ते जंतू ओळखायची नजर महाग आहे, कारण ती शेकडो काचपट्ट्या कुणाच्या तरी शेजारी बसून बघितल्यावरच येते. ही नजर नसेल तर मग ‘शक्तीचं इंजेक्शन’. फुरसं चावलेल्या कुत्र्याचंही तेच. रत्नागिरी तर फुरशांचाच मुलूख. चेहरा सुजलेला दिसतो, गांधीलमाशी म्हणून सोडून दिलं जातं, आणि रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागतं.

मग आमच्यासाठी असं रुग्णालय कुठे आहे? महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली नागपूरला स्थापन झालं. त्याची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी पसरली आहेत. पूर्णगडहून शिरवळ घाट ओलांडून अडीचशे किलोमीटरच्या वर, मुंबई त्याहूनही लांब. कुत्र्याला एसटीत घेत नाहीत. (नावात ‘मत्स्य’ असलेल्या या विद्यापीठाची मत्स्य महाविद्यालयं नागपूरला आणि उदगीरला, आणि समुद्राकाठचं शिरगावचं मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे, हा आमच्या राज्याचा खास विनोद आहे. मासळीवाल्यांनाही तो अजून उमगलेला नाही.)

भटक्या कुत्र्यांवरून देशभर रान उठलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवायला सांगितली, आणि अकरा दिवसांतच तो आदेश बदलून नसबंदी व लसीकरण करून त्याच जागी सोडा असं सांगितलं. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडले. कुत्र्यांना कुठे ठेवायचं यावर सगळे भांडतात. कुत्रीचं गर्भाशय आणि बीजकोश नीट, टाका न सुटता, जंतू न शिरता काढणारे हात तालुक्यात किती आहेत, हे कुणी विचारत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ग्रामपंचायतीनं ठराव केला म्हणून शस्त्रक्रिया येत नाही. शेजारच्या गोव्यात लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षं चालली, तिथे पशुवैद्यांना नसबंदीचं प्रत्यक्ष शिक्षण देणारं केंद्रही आहे, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही, तरी शिकवण्याची जागा आहे. माझा रोख आहे तो नेमका या फरकावर.

मी नवं कॉलेज मागत नाही. कोनशिला बसते, फलक लागतो आणि पुढची दहा वर्षं प्राध्यापकांची पदं रिकामी राहतात, हे आपण पुष्कळ पाहिलं. पण पशुवैद्यकीची पदवी साडेपाच वर्षांची आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या वर्षातले काही महिने ही मुलं रत्नागिरीच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आली, त्यांच्याबरोबर शस्त्रक्रियेचा आणि विकृतिशास्त्राचा एकेक शिक्षक आला, तर रुग्णालय तयारच आहे. २०२३ मध्ये रत्नागिरीत माणसांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते जिल्हा रुग्णालयाच्याच आधारानं. परळला १८८६ मध्ये जे जमलं ते इथे का जमू नये?

एक गोष्ट मात्र मला खुपते आणि ती लपवून ठेवणं बरं नव्हे. शिकाऊ हात कुणाच्या कुत्र्यावर शिकतो? ज्याला खासगी दवाखाना परवडत नाही त्याच्या. माणूस निदान सही करतो, नको म्हणतो. कुत्र्याला विचारायची सोय नाही. या प्रश्नाला पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणता येतं की शिकवणाऱ्या रुग्णालयात शिकाऊ हातावर दुसरा हात असतो. जिथे असं रुग्णालय नाही तिथेही हात शिकतच असतात, पदवी घेऊन, एकटे, आणि त्यांची चूक माडाखाली पुरली जाते. भाऊंचा आणि माझा हात त्या दिवशी असाच शिकला.

ते मनगट धरणारं कुणी इकडे येईल तेव्हा येईल. तोवर बंदरावरच्या, वाडीतल्या, बागेतल्या प्रत्येकाला एवढं सांगून ठेवा: कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, तर तोंडात हात घालू नका. त्याला बाजूला बांधा, मुलांना लांब ठेवा, पशुवैद्याला फोन करा. हात आधीच घातला असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. कुत्रा काट्यानंच मेला असं नंतर कळलं तरी काही बिघडत नाही.